आवाज बोर्डावरच आहे

माझ्या बहिणीला दिसेनासं होत चाललं होतं, नेमक्या त्याच दिवसांत मी घरातला बोलका कॉम्प्युटर मुका करून ठेवला. घराला हातभार लावायची प्रत्येकाची एक तऱ्हा असते, माझी ही अशी होती. आई आजही पाहुण्यांना हे सांगते तेव्हा शेवटी म्हणते, "पण मन चांगलं होतं हो त्याचं." मन चांगलं होतं असं ज्याच्याबद्दल सांगावं लागतं, त्याने काय करून ठेवलं असेल ते पाहुणे समजून जातात.

आम्ही तेव्हा अंबरनाथला पूर्वेला राहायचो. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्यावर आईची तुळस आणि बाबांची सायकल. बाबा कारखान्यात फिटर. आमच्या घरात घड्याळ होतं, पण ते शोभेला. खरा वेळ भोंग्यावर चालायचा. पहिल्या भोंग्याला बाबा चहाचा कप खाली ठेवायचे, दुपारच्या भोंग्याला आई भात उतरवायची. बाजूच्या गाळ्यात पत्रा कापायचं प्रेस होतं, दिवसभर धाड, धाड, धाड. पाहुण्यांना ते चालू असताना ऐकू यायचं, आम्हाला ते थांबलं की ऐकू यायचं. आई मग पोळी लाटता लाटता मान वर करून म्हणायची, "काय झालं गं एकदम?" काही झालेलं नसायचं, लाइट गेलेली असायची. शुक्रवारी तर ती जायचीच, तो तिचा हक्काचा वार. आणि लाइट गेली की आमच्याकडे कुणी बटणं बंद करायचं नाही. पंखा, ट्यूब, टीव्ही, सगळी बटणं चालूच राहू द्यायची, म्हणजे लाइट आली की घरभर एकदम कळतं. बटण हे चालू ठेवण्यासाठीच असतं असं बाळकडू मला मिळालं होतं, आणि त्याने पुढे माझा घात केला.

नंदाताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिचं आधी रात्रीचं दिसणं गेलं, मग बाजूचं. समोरचं दिसायचं, पण बांगडीतून पाहावं तेवढंच, आणि ती बांगडी दर वर्षी लहान होत गेली. मुंबईच्या डॉक्टरांनी फार चांगुलपणाने सांगितलं, की हे मागे फिरत नसतं. ती बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. काही दिवस ओट्यावर उन्हात बसून भिंग घेऊन वाचायची. नाक पुस्तकाला लागायचं, आणि आई आतून भाजी निवडत तिच्याकडे बघत राहायची. मग भिंगही पुरेना. तेव्हा घरच्यांनी ठरवलं की नित्या तिला वाचून दाखवेल. नित्या म्हणजे मी.

मी फार वाईट वाचायचो. इंग्रजी बेताचं, विषय ऑडिटचा, आणि बाहेर पोरं क्रिकेट खेळत असलेली. कंटाळा आला की मी एखादा परिच्छेद गाळायचो, तेही अगदी सराईतपणे, आवाज न बदलता. पहिल्यांदा वाटलं, तिला काय कळतंय. ती डोळे मिटून ऐकत असायची, आणि माझं वाचन संपलं की हळूच म्हणायची, "नित्या, ऑडिटरची कर्तव्यं सांगितलीस. त्याचे हक्क कुठे गेले? गिळलेस?"

"छापलेच नाहीयेत, ताई."

"आण इकडे पुस्तक." आणि ती पानावरून हात फिरवायची, जणू हाताला कळणार आहे. मी घाबरून हक्क वाचून दाखवायचो.

एकदा मात्र ती चिडली नाही, आणि तेच मला लागलं. म्हणाली, "तू वाचतोस ते मला ऐकू येतं रे. पण तू कधी उठायला मिळेल याची वाट बघत वाचतोस, तेही ऐकू येतं. तुझा दोष नाही. मला कुणाला 'वाच रे' म्हणायला लागू नये, एवढंच."

कॉम्प्युटर आला तो यासाठी. बाबांनी सोसायटीतून कर्ज काढलं आणि आम्ही उल्हासनगरला लछूभाईंच्या दुकानात गेलो. दुकान जिन्याखालचं, त्यात दोन माणसं बसली की तिसऱ्याने श्वास बाहेर जाऊन घ्यायचा. पण सिंधी माणूस दारात आलेल्याला तसंच पाठवत नाही. आधी भाजलेला पापड आणि पाणी. बाबांनी पापड हातात धरून विचारलं, "आवाज वेगळा घ्यावा लागेल का?" लछूभाई हसले. कॉम्प्युटरच्या आत बसतो तो एक हिरवा बोर्ड उचलून बाबांपुढे थाळीसारखा धरला आणि म्हणाले, "काका, सब इसी में है. पिक्चर इसमें, आवाज इसमें, नेट इसमें. अलग से कुछ लगाना ही नहीं. सब ऑनबोर्ड." बाबांना ते फार आवडलं. स्वतः फिटर असल्याने सुटे भाग जितके कमी तितकी दुखणी कमी, हे त्यांचं तत्त्वज्ञान होतं.

त्या कॉम्प्युटरवर पडद्यावरची अक्षरं मोठ्याने वाचून दाखवणारा एक परदेशी प्रोग्रॅम आम्ही टाकला. विकत घ्यायचा तर बाबांना दुसरी सोसायटी काढावी लागली असती, म्हणून नमुन्याची फुकट प्रत. ती पाऊण तासाच्या आत बोलायची थांबायची, वाक्याच्या मधे, शब्द तोंडात असताना. मग कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करायचा, म्हणजे पुन्हा पाऊण तास. ताई पहिले काही दिवस हसली. "आपल्या मोरेमामांसारखा आहे, जेवताना बोलता बोलता घोरायला लागतो." पण मग हसणं कमी झालं. कॉम्प्युटर पुन्हा सुरू करायला कुणीतरी लागायचं, आणि ते कुणीतरी म्हणजे पुन्हा मीच.

आणि इथे माझ्या अंगात वारं शिरलं. कॉम्प्युटरच्या एका मासिकाबरोबर मला लिनक्सची सीडी मिळाली होती. कुणाच्या मालकीची नसलेली, कुणीही वापरावी अशी सिस्टीम, आणि तिच्यात वाचून दाखवणारा प्रोग्रॅम आयता. ना पैसे, ना पाऊण तासाची अट. राखीपौर्णिमेला ताईने हाताला राखी बांधली, तेव्हा मी पाटावरून छाती काढून जाहीर केलं, "ताई, भाऊबीजेची ओवाळणी आत्ताच सांगून ठेवतो. दिवसभर न थांबता बोलणारा कॉम्प्युटर."

ताईने ओवाळायचं ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, "दिलास तर परीक्षेला बसेन. नाही दिलास तर पुस्तकं रद्दीत घालायची. आणि त्यानंतर या घरात कुणी परीक्षेचा विषय काढायचा नाही. बाबा, तुम्हीसुद्धा." ती हे रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिने ते बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं सांगितलं. आईने माझ्याकडे पाहिलं. मी उरलेली जिलबी ताटात परत ठेवली.

दुसऱ्याच दिवशी मी लिनक्स टाकलं. सीडीने विचारलं, आधीचं सगळं पुसू का? मी म्हटलं, पूस की. त्यात जुनी सिस्टीम गेली, पाऊण तासाचा मोरेमामा गेला आणि बाबांचे पत्तेही गेले. बाबा कामावरून येऊन रोज एक डाव लावायचे. त्या संध्याकाळी ते चहाचा कप घेऊन पडद्यासमोर बसले आणि काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या अक्षरांकडे बघत म्हणाले, "नित्या, माझे पत्ते कुठे गेले?" जत्रेत पोर हरवल्यासारखा चेहरा झाला होता त्यांचा.

पडदा लागला, माऊस चालला. प्रोग्रॅमही सुरू झाला, पडद्यावर तसं लिहून येत होतं. फक्त आवाज नव्हता. स्पीकर गार पडलेला. लिनक्सला बोर्डावरचा आवाजाचा चिमुकला भाग ओळखताच येत नसेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि कामाला लागलो. आता चाळिशी मागे पडल्यावर जाणवतं, की मला काही येत नव्हतं असं नाही. अर्धवट येत होतं, आणि ते न येण्यापेक्षा महाग पडतं. स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत जाऊन मी परदेशातल्या लोकांना चर्चेच्या पानांवर विचारायचो, उत्तरं तळहातावर उतरवून आणायचो, आणि घरी येईपर्यंत घामाने निम्मी पुसलेली असायची. एका गृहस्थाने कळकळीने विचारलं होतं, आवाजाची बटणं नीट तपासलीत का? मला अपमान वाटला. बटणांचा प्रोग्रॅम तर मी पहिल्याच दिवशी उघडला होता. तिथे थर्मामीटरसारख्या उभ्या पट्ट्या, शेजारी काही नुसती चालू-बंदची बटणं. मी पट्ट्या टोकापर्यंत नेल्या होत्या आणि दिसेल ते बटण चालू केलं होतं. आणखी काय करायचं माणसाने?

तेव्हा मी गाभ्यालाच हात घातला. लिनक्सचा जो मूळ गाभा असतो, तो आपल्या बोर्डाच्या बेताने नव्याने बनवून घेता येतो. त्याला तासन्‌तास लागतात, कॉम्प्युटर एकटाच कुटत बसतो. मी सगळी तयारी करून हुकूम सोडला आणि ऐटीत जेवायला बसलो. आईने सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी केली होती. दुसरी भाकरी मोडली आणि शेजारचं प्रेस थांबलं.

"काय झालं गं एकदम?" आई म्हणाली.

ताई पलीकडून म्हणाली, "शुक्रवार झाला, आई."

जन्मापासून अंबरनाथमध्ये राहणाऱ्या माणसाने शुक्रवारी दुपारी हे काम काढलं होतं. लाइट आली तेव्हा सगळी बटणं चालू असल्याने घरभर कळलं, कॉम्प्युटरला तेवढं कळलं नाही. तो सुरूच होईना. पुन्हा सीडी, पुन्हा पहिल्यापासून, आणि पुन्हा गार स्पीकर.

दसऱ्याला बाबांनी पाना-पक्कड पाटावर मांडली, आईने कॉम्प्युटरच्या कॅबिनेटलाही हळदकुंकू लावून झेंडूची माळ घातली. बाबा म्हणाले, "बोलेल. मशीन आहे, माणसाएवढी हट्टी नसते." मग कुणाचं लक्ष नाही असं बघून त्यांनी कॅबिनेटच्या पाठीवर दोन थापट्या मारल्या, रेडिओला मारायचे तशा.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा मी कॅबिनेट रिक्षात मांडीवर घेऊन उल्हासनगर गाठलं. पापड, पाणी. लछूभाईंनी आपली डिस्क जोडून जुन्या सिस्टीमवर सुरू केलं, आणि माझा मुका बोर्ड खणखणीत गायला लागला. मला एखाद्याने भर बाजारात कान पकडावा तसं झालं. "देख साईं, आवाज बोर्ड पे ही है. तेरे सिस्टम में नहीं निकल रहा. पुराना डाल देता हूं, पांच मिनट का काम."

"तिला पाऊण तासाचं नको आहे," मी म्हटलं.

"तो आवाज का अलग कार्ड ले जा. पैसा बाद में देना."

मी नको म्हणालो. बोर्डावर सगळं असताना वरून कार्ड लावणं म्हणजे, मला वाटलं, हार. लछूभाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि दुसरा पापड भाजायला सांगितला. काय करावं कळेनासं झालं की ते पापड भाजायला सांगायचे.

घरी आलो तर ताईने पुस्तकांचे गठ्ठे बांधून ओट्यावर ठेवले होते. सुतळीच्या गाठी तिनेच मारलेल्या, घट्ट, चार बाजूंनी. आई म्हणाली, "दिवाळीनंतर रद्दीवाल्याला बोलावलंय तिने." बाबा गठ्ठ्यांना वळसा घालून सायकल काढायचे. कुणीच काही बोलायचं नाही, आणि विषय निघायच्या आधीच बंद झालेला बघून मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. ताईची परीक्षा हुकेल याची नाही; ती पुढे कधी काही मागणारच नाही याची.

भाऊबीज आली. आईने पाट मांडला, रांगोळी काढली, निरांजन लावलं. घरात करंज्यांचा आणि उटण्याचा मिसळलेला वास. मी नवा शर्ट घालून पाटावर बसलो आणि मान खाली घातली. ताई ताट घेऊन आली नाही. ती कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "आधी ओवाळणी बघू, मग ओवाळते. ये इकडे. काय काय केलंस ते मला सांग."

"सगळं केलं, ताई."

"सगळं नको. एकेक."

मी बटणांचा तो प्रोग्रॅम उघडला आणि एकेक नाव वाचलं. ती ऐकत होती. "आणि यातलं कुठलं चालू आहे?"

"सगळंच."

"सगळं? कशाला?"

मी म्हटलं, "चालू असलेलं बरं ना. आवाज आला की कळेल."

"नित्या," ती म्हणाली, "आई मिक्सर, इस्त्री आणि गीझर एकदम लावते का? आधी सगळं बंद कर."

आमच्या घरात बटणं बंद करणारी ती एकटीच होती, हे तेव्हा लक्षात आलं. एव्हाना दिवा लागला आहे की नाही हेही तिला दिसायचं नाही, म्हणून ती येता-जाता भिंतीवरच्या बटणांच्या बोर्डावर हात फिरवून चालू राहिलेली बटणं बंद करायची, आणि आम्ही तिच्या मागून पुन्हा चालू करायचो. मी एकेक करून सगळं बंद केलं. तिने स्पीकर उचलला आणि मांडीवर घेऊन त्याला कान लावला, तान्ह्या मुलाच्या छातीला लावावा तसा. "आता एकेक चालू कर. नाव घे आणि थांब."

"मास्टर."

"काही नाही. पण थांब, काहीतरी आहे. खस्स असं. जिवंत आहे हा. पुढचं."

"पीसीएम," मी म्हणालो आणि प्रोग्रॅमचा आवाज ज्यातून येतो ते बटण दाबलं.

पट्ट्या मी टोकाला नेऊन ठेवल्या होत्या हे सांगितलंच आहे. स्पीकरमधून एक परदेशी पुरुष असा काही ओरडला की ताईच्या मांडीवरून स्पीकर उडाला, आईच्या हातातल्या करंज्या ओट्यापर्यंत गेल्या आणि बाबा न्हाणीतून साबण लागलेल्या तोंडाने बाहेर आले. तो गृहस्थ पडद्यावरच्या बटणांचीच नावं वाचत होता. म्हणजे तो बिचारा इतके दिवस बोलतच होता, आमच्यापर्यंत पोचत नव्हता.

इथे शहाण्या माणसाने थांबायचं असतं. मी म्हटलं, आलंच आहे तर बाकीचीही चालू करून टाकू. तिसरं, चौथं, पाचवं बटण. आणि तो एकदम गप्प झाला. ताईने माझ्या मनगटावर चापट मारली. "हात काढ. आता काय दाबलंस?"

मी नाव वाचलं. हेडफोन लावला आहे का हे बोर्डाने स्वतः ओळखायचं, असं ते बटण होतं. ते चालू असलं की आमच्या बोर्डाला मागे हेडफोन लावल्याचा भास व्हायचा, आणि तो सगळा आवाज नसलेल्या हेडफोनकडे पाठवून मोकळा व्हायचा. घरात हेडफोन नव्हताच. मी ते बंद केलं. "ऑफ," तो परदेशी गृहस्थ म्हणाला. इतक्या महिन्यांत त्या शब्दासारखा गोड शब्द मी ऐकला नव्हता.

ताई हसेल असं वाटलं होतं, निदान रडेल. तिने यातलं काही केलं नाही. आवाज कमी करायला लावला, बोलण्याचा वेग कमी करायला लावला. (हल्ली तिचा फोन इतक्या वेगाने बोलतो की मला नुसती चिवचिव ऐकू येते. मी म्हणतो, ताई, जरा हळू कर. ती म्हणते, तूच हळू ऐकतोस.) चाचणीसाठी मी तिच्या अभ्यासाच्या नोट्स टाइप करून ठेवल्या होत्या, त्या उघडायला सांगितल्या. मग म्हणाली, "आता ऊठ."

"पण ताई, पुढच्या पानावर जायचं तर—"

"टायपिंगची परीक्षा मी पास झालेय, तू नाही. ऊठ म्हणते ना."

मी उठलो. ती माझ्या खुर्चीवर बसली, बोटांनी कीबोर्डाच्या कडा चाचपल्या आणि म्हणाली, "दार ओढून घे जाताना."

मी बाहेर येऊन दार ओढलं आणि दुसरी कुठली जागा सुचेना म्हणून पुन्हा पाटावर जाऊन बसलो. कपाळ कोरडं, नवा शर्ट, समोर ताट. आई दाराशी उभी राहिली. आतून त्या गृहस्थाचं नाकातलं इंग्रजी येत होतं, एका लयीत, कंटाळा नसलेलं. मधेच तो थांबला. मी अर्धा उठलो, आता हाक येईल म्हणून. हाक आली नाही. त्याने तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तिला ते परत ऐकायचं होतं आणि तिनेच त्याला मागे नेलं होतं.

"काय म्हणतोय रे तो?" आईने कुजबुजत विचारलं.

"मला नाही कळत, आई. तिला कळतंय."

"अहो, हाक मारा ना तिला," आई बाबांकडे वळली. "ओवाळायचं राहिलंय. निरांजन विझेल."

बाबा टॉवेलने कानातला साबण पुसत होते. दाराकडे बघत म्हणाले, "तूप घाल त्यात. वाचतेय ती."

आईने तूप घातलं. मी पाटावर मांडी नीट घालून घेतली.